हन्नाबाईंचं क्रियापद

हन्नाबाई मागच्या वर्षी वारल्या. 'वारल्या' हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. 'गेल्या' म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कुठे, बाजारात? 'आपल्यातून निघून गेल्या' असं कुठे छापलेलं दिसलं की त्या समासात लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढत. "म्हातारपणी, स्वतःच्या अंथरुणात, आजूबाजूला चार माणसं असताना मरणं, त्याला वारणं म्हणतात," असं त्यांनी मला शिकवलं होतं. "मी वारणार आहे, सुनंदा. आमच्या घरात असं करणारी मी पहिलीच."

मी महाडकडची. आठवी झाली आणि शाळा सुटली. पुढे लग्न, एक मुलगी, मुलीला घेऊन माहेरी परत येणं, हे सगळं झालं. सिंगापुरात घरकामाच्या परमिटला आठ वर्षांची शाळा लागते. माझी नेमकी आठ भरली होती. बुओना व्हिस्टाला एका कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये एक वयस्कर बाई आहेत, गोऱ्या आहेत, एवढंच एजंटने सांगितलं. पूर्ण विमानप्रवासात मी तीन इंग्रजी वाक्यं पाठ करत होते. दार उघडलं तर समोर खरंच गोरी, निळ्या डोळ्यांची, पांढऱ्या बॉबकटची ठेंगणी बाई. अंगावर सुती साडी, कानावर लाल पेन.

"गुड मॉर्निंग मॅडम, आय ॲम सुनंदा, आय कॅन..."

"संध्याकाळचे पाच वाजलेत. चपला तिथे ठेव. प्रवासात काही खाल्लंस का?"

मी त्यांच्या मागे वाकून बघितलं. मला वाटलं, आत कुणीतरी मराठी बाई उभी आहे.

"दुसरं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मीच बोलले."

त्यांचा जन्म व्हिएन्नाचा, ज्यू घरातला. वाढल्या मात्र ठाण्यात, आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये, म्हणजे बेने इस्राएल मंडळींत. लग्नही त्यांच्यातच झालं. यजमान सॅम्युएल थळकर बोटीवर इंजिनियर होते, कंपनीने त्यांना सिंगापूर बंदरावर आणलं. तोवर हन्नाबाई ठाण्याच्या एका शाळेत मराठी शिकवत. एकदा तिथे तपासणीला साहेब आले आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, तुमचा इंग्रजीचा तास केव्हा असतो?" बाई म्हणाल्या, "मला इंग्रजी जेमतेम येतं. समास विचारा." साहेबांनी विचारले नाहीत. बाईंनीच त्यांना दोन विचारले.

शाळा सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण तास काही संपला नव्हता. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लावायचा, शनिवारी गॅस पेटवायचा नाही, मटणाच्या रश्श्याला दूध-दही नाही, नारळाचं दूध. हे नियम मी आठवड्यात शिकले. व्याकरणाला मात्र वेळ लागला. पहिल्याच महिन्यात त्यांचा चहाचा कप माझ्या हातून पडला. परत पाठवतील, मुलीची फी कुठून भरू, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं.

"बाई, कप फुटला."

"आपोआप?"

"माझ्याकडनं फुटला."

"अजून दाराआड उभी आहेस. कर्ता पुढे आण."

मला कळेना काय म्हणतात. मग त्यांनी स्वतःच वाक्य सुरू करून दिलं, "मी..."

"मी कप फोडला."

"शाबास. आता दुसऱ्या कपात चहा आण."

एवढंच. पुढे सहा वर्षांत त्या कपाचा विषय निघाला नाही. वर्तमानपत्र वाचतानाही त्यांचं हेच चाले. 'गोळीबार झाला' असं दिसलं की लाल पेन बाहेर. 'गावं रिकामी झाली' दिसलं की पेन. "बघ," म्हणायच्या, "जगात केवढा अत्याचार होतो आणि करणारा कुणीच नाही. सगळं पावसासारखं आपलं होतंय." जग दूरचं असो, जवळचं असो, मारणारा कुणी असो आणि मरणारा कुणी असो, पेन सगळ्यांना सारखं.

एकदा आम्ही लिटिल इंडियातून पोहे, नारळ घेऊन एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, परत येत होतो. माझा परमिट वाढला म्हणून बाई मलिदा करणार होत्या. गोडाचे पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, समोर ठेवून प्रार्थना. काही चांगलं घडलं की त्यांच्याकडे हे असतं. शेजारी दोन मराठी तरुण उभे होते, गळ्यात ऑफिसचे पास.

"आमची मॅनेजर ना," एक सांगत होता, "नुसती हिटलर आहे रे."

बाईंनी मान वळवली. "काय करते ती?"

तो मुलगा आधी बाईंकडे बघतो, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे.

"नाही, म्हणजे... रजा देत नाही."

"आणि?"

"आणि काही नाही. रजाच देत नाही."

"मग तिला खडूस म्हणा. खाष्ट म्हणा, कजाग म्हणा, तिरसट म्हणा. मराठीत काय कमी आहे? हिटलर हे विशेषनाम आहे. त्याचं सामान्यनाम करायचं नाही."

"सॉरी, आजी. आमच्याकडे सहज म्हणतात हो."

"माहीत आहे. माझ्या वर्गात पोरांनी फळ्यावर 'हिटलरबाई' लिहिलं होतं. मी फळा पुसला नाही. त्याखाली हे विशेषनाम कुणाचं आणि त्याने काय केलं ते लिहिलं, आणि चाळीस पोरांकडून उतरवून घेतलं. तुमचं स्टेशन चुकलं. कुठे उतरता?"

त्याला पुंगोलला जायचं होतं, गाडी बदलायचं स्टेशन मागे राहिलं होतं. तो आमच्याबरोबर बुओना व्हिस्टापर्यंत आला, नारळाची पिशवी घेऊन. नाव अनिरुद्ध कुलकर्णी. पुढे दर एक-दोन महिन्यांनी रविवारी यायचा, आणि घरी आल्यावर एकही वाक्य अर्धं इंग्रजी बोलायची सोय नाही म्हणून घाम पुसायचा.

मलिदा करायच्या त्याच दुपारी मी नारळ खवताना बोलून गेले, "बाई, तुम्ही त्या सगळ्यातून वाचलात, देवाची कृपा."

त्या वेलची सोलत होत्या. हात थांबला नाही.

"मी वाचले नाही. मला वाचवलं. कर्ता ग्रेटेमावशी. नंतरचा कर्ता सारा. देवाला मध्ये आणू नकोस. त्याला करायचंच होतं तर बाकीचेही तिथेच उभे होते."

मग सांगितलं. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. व्हिएन्नात नाझी आले तेव्हा शेजाऱ्यांनी दुकानाच्या काचा फोडल्या आणि वडिलांना टूथब्रश देऊन रस्ता घासायला बसवलं. रोज औषध नेणारी माणसं भोवती उभी राहून हसत होती. ग्रेटेमावशी नर्स होती. तिला मुंबईत काम मिळालं. एका मुलीला बरोबर नेता येईल असं ठरलं. हन्ना पाच वर्षांची होती, भाऊ पाउल तीन. तो लहान म्हणून आईजवळ राहिला. मागाहून सगळे येणार होते. कागद झाले नाहीत. काही पत्रं आली, मग पत्रं बंद झाली. मुंबईत मावशी विषमज्वराने दगावली, आणि तिच्याबरोबरची सारा नावाची नर्स या पोरीला ठाण्याला आपल्या घरी घेऊन गेली. लढाई संपल्यावर साराच्या पत्त्यावर पत्र आलं. व्हिएन्नाहून गाडीत घालून मिन्स्कजवळ नेलं. तिथे जंगलात खड्डे आधीच खणून ठेवले होते. गाडीतून उतरवलं आणि खड्ड्याशी उभं करून गोळ्या घातल्या. आई, वडील, पाउल. आणि गाडीतली बाकी सगळी माणसं.

"सहा वर्षांचा झाला असेल तोवर," त्या म्हणाल्या.

मी नारळ खवत राहिले, करवंटीपर्यंत.

"डेव्हिडला हे माहीत नाही," त्या म्हणाल्या. डेव्हिड त्यांचा मुलगा, माझे सर. इथल्याच एका संशोधन संस्थेत काम करतात. "लहान असताना त्याने विचारलं होतं, माझे आजी-आजोबा कुठेत? मी म्हटलं, लढाईत वारले. पोर सहा वर्षांचं होतं, काय सांगणार. पण मग ते तसंच राहिलं. आयुष्यात तेवढं एक क्रियापद मी खोटं वापरलं. ते परत घ्यायचंय मला."

तशी संधी आली. मिस लिम नावाच्या इतिहासाच्या शिक्षिका शाळेतल्या मुलांसाठी साक्षी गोळा करत होत्या. कत्तलींमधून सुटलेली, घरंदारं गमावलेली माणसं कॅमेऱ्यासमोर आपल्या तोंडाने बोलणार, कुठूनही आलेली असोत. बाई एका वाक्यात हो म्हणाल्या. डेव्हिडसरांना ते फारसं रुचलं नाही, पण आईला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. तारीख ठरली.

आणि त्याआधी तीन आठवडे बाईंना झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. इंग्रजी पुसलं गेलं, लहानपणचं जर्मन तर आधीच विरलं होतं. मराठी राहिली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एक भाषा टिकते. ओठ नीट मिटत नव्हते. पाणी मागताना 'आणी' म्हणायच्या आणि स्वतःवरच चिडायच्या.

सर म्हणाले, रेकॉर्डिंग रद्द करू. बाईंनी डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर थापा मारल्या, वर्ग गप्प करताना टेबलावर मारतात तशा. रद्द झालं नाही.

पहिलं रेकॉर्डिंग चाळीस मिनिटं चाललं. बाई फार दमल्या. त्यांच्या मराठीचं इंग्रजी करायला कुलकर्णीसरच आले होते. ऑफिसच्या कामासारखं टापटीप, आठ दिवसांत त्यांनी कागद आणले. हॉलमध्ये मिस लिम, डेव्हिडसर, कुलकर्णीसर बसले होते. बाई आतल्या खोलीत होत्या, दार उघडंच होतं. मी चहा घेऊन आले तेव्हा डेव्हिडसर मोठ्याने वाचत होते. मला इंग्रजी थोडंफार कळायला लागलं होतं, आणि इस्पितळात एक शब्द तर पाठच झाला होता. पास्ड अवे. आईवडील आणि भाऊ मिन्स्कजवळ लढाईच्या काळात पास्ड अवे.

ट्रे मी टेबलावर ठेवला.

"सर, बाई तसं नाही म्हणाल्या."

तिघांनी वर बघितलं. सहा वर्षांत मी त्या हॉलमध्ये चहा-बिस्किटांपलीकडे वाक्य बोलले नव्हते.

"अहो, मलाही शंका आली होती," कुलकर्णीसर म्हणाले. "मी दहा वेळा ऐकलं. 'वारलं' असंच येतंय. आणि यांचा नियम आहे, ऐकू येतं तेच लिहायचं. आपल्या मनाचं घातलं तर ती साक्षच राहत नाही."

मिस लिमनी मान हलवली. त्यांना हे आधी सांगून झालेलं दिसत होतं. "आपण शब्द घातला असं उद्या कुणी म्हटलं, तर बाकीचंही खोटं ठरवतील," त्या हळूच म्हणाल्या. कुलकर्णीसरांनी मला ते मराठीत सांगितलं.

"मग मी सांगते ना. मला त्यांनी सगळं सांगितलंय."

"ती तुमची साक्ष होईल, सुनंदाताई. त्यांची नाही," कुलकर्णीसर म्हणाले.

डेव्हिडसरांनी कागद खाली ठेवला. त्यांचं मराठी ठाण्यात आठव्या वर्षापर्यंत शिकलेलं, तेवढंच. "सुनंदा, मला आईने लहानपणी हेच सांगितलं. लढाईत वारले. शब्द बरोबर आहे. आणि लहान मुलं बघणार हे. चालेल असं."

माझा परमिट त्यांच्या सहीवर होता. हे मला तेव्हाही आठवलं, खोटं कशाला सांगू. मुलगी त्या वर्षी दहावीला होती.

"सर, ते एकदा पुन्हा लावता का? तेवढंच वाक्य."

लावलं. बाईंचा ओढलेला आवाज आला. 'आई... आवांना... तिथे... वारलं.'

"बाबांना," मी म्हटलं. "बाबांना म्हणतायत. 'ब'पण नाही आलेला. आणि 'ना' ऐकलंत? आईबाबा वारले म्हणतात. आईबाबांना वारलं असं कुणी म्हणतं का? 'ना' लागला की वारले चालत नाही. तिथे 'मारलं'च पाहिजे, 'म'ला ओठ मिटत नाहीत म्हणून 'व' येतोय."

कुलकर्णीसर म्हणाले, "ते खरं आहे. पण एवढ्या आजारपणात विभक्तीचं काय घेऊन बसायचं? माणूस काहीही बोलतं."

"बाईंची विभक्ती चुकत नाही, सर."

आतून थापा आल्या. पलंगाच्या कठड्यावर, तीन.

डेव्हिडसर उठून आत गेले. मी दारातून पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि तोंड उघडलं. 'वा' आलं. पुन्हा, पुन्हा 'वा'. सर म्हणाले, "आई, राहू दे. बीपी वाढेल." बाईंचे डोळे भरून आले होते, पण रडण्याने नाही. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. जे परत घ्यायचं होतं तेच त्यांच्या तोंडातून पुन्हा पुन्हा बाहेर येत होतं.

मी सरांना सांगितलं. बाईंच्या समोरच सांगितलं, म्हणजे चुकलं तर त्यांनी थाप मारावी. "तुम्ही सहा वर्षांचे होतात म्हणून त्या वारले म्हणाल्या. ते त्यांना परत घ्यायचंय. म्हणून हे रेकॉर्डिंग."

थाप आली नाही. सरांनी बाहेर येऊन मिस लिमना विचारलं, पुन्हा घेता येईल का?

"कॅन, कॅन," मिस लिम म्हणाल्या. "टेक युवर टाइम."

मग रोज सकाळी आंघोळीनंतर आम्ही आरशासमोर बसायचो. स्पीच थेरपीवाल्या बाईंनी व्यायाम दिले होते, शिट्टी मारल्यासारखं करा, गाल फुगवा. बाई त्यांना कंटाळल्या. चौथ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताचा अंगठा आणि बोट ओठांवर ठेवलं, ओठ चिमटीत धरून मिटले आणि सोडले. 'मा.' आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांना शाबासकी द्यायची माझी पायरी नव्हती. त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणजे पुढचा शब्द दे. मी दिले. मीठ, मका, मांजर, महाड. प्रत्येकाला चिमूट. वीस दिवस.

दुसऱ्या वेळी त्यांनी नवी साडी नेसवायला लावली आणि पेन कानावर ठेवायला सांगितलं. मिस लिमनी कॅमेरा लावला. कुलकर्णीसर वही घेऊन बसले. डेव्हिडसर आईच्या समोर खुर्ची घेऊन, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ. कुणी कसला प्रश्न विचारायचा नाही, कुणी शब्द सुचवायचा नाही, असं ठरलं होतं.

"नाझींनी," बाईंनी सुरुवात केली. त्याला हात लागला नाही. मग हात वर गेला. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, बाईंच्या घरची सगळी माणसं ओठांवरची होती. मामा, म्हणजे आई. पापा. पाउल. व्हिएन्नातल्या पोरीने हाक मारायची नावं, ओठ मिटल्याशिवाय एकही येत नव्हतं. चिमूट, आणि 'मामाला'. चिमूट, सोड, पुन्हा चिमूट, 'पापाला'. लाळ हनुवटीवर आली. मी रुमाल घेऊन पुढे झाले, त्यांनी मान हलवून मला मागे सारलं. सर एकदा अर्धे उठले. त्यांना बाईंनी नुसत्या नजरेने खाली बसवलं.

पाउलपाशी हात थकला. बोटं ओठांपर्यंत जात आणि घसरत. हात मांडीवर पडला. बाईंनी तो पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग डेव्हिडसरांनी पुढे वाकून स्वतःचा हात आईच्या तोंडाशी नेला आणि थांबले, वर्गात यायची परवानगी मागत दारात उभं राहावं तसे. बाईंनी मान थोडी पुढे केली. सरांनी दोन बोटांनी आईचे ओठ मिटले आणि सोडले.

"पाउलला," बाई म्हणाल्या.

पुन्हा मिटले, सोडले.

"मारलं."

कुलकर्णीसरांचं पेन तसंच हवेत होतं. बाईंनी मान त्यांच्याकडे वळवली. पुढच्या शब्दाला ओठ लागत नव्हते, तो स्वच्छ आला, ठाण्याच्या शाळेतून यावा तसा.

"लिहा."